ज्याची पत्रं सोडवली जातात

७ वा महिना, १३. सॅन फ्रान्सिस्को

जिवंत आहे! शुबेल जिवंत आहे!

टपालकचेरीच्या खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला — "स्वेन, शुबेल? काही नाही इथे. त्याची पत्रं एक्स्प्रेसवाला उचलतो. दर बोटीला." मी म्हटलं, पुन्हा सांग. तो म्हणाला, "बाई, मागे रांग बघा!" रांग खरंच टेकडीला वळसा घालून गेली होती. दाढ्या वाढलेली, चिखलाने माखलेली माणसं. सगळी एकदम गोड वाटायला लागली मला.

मेलेल्या माणसाची पत्रं पदरचे पैसे घालून कोण सोडवेल? बोटीवर सबंध वाट मी हाच एक हिशेब उलटसुलट करत होते — आजारी असेल, बुडाला असेल, दुसरी बाई असेल. गेल्या हिवाळ्यापासून एक ओळ नाही त्याची! आणि हा इथे माझी पत्रं घेतोय, वाचतोय, स्वस्थ बसलाय. भेटू दे. आधी चांगली खरडपट्टी काढणार आहे, मग बाकीचं.

बाहेर फळ्यांच्या रस्त्यावर बसले आणि रडले. कुणी बघेल याची लाजसुद्धा वाटली नाही.

७ वा महिना, १४

घरमालकीण मिसेस ड्रिस्कॉल आयरिश आहे, तोंडाने फटकळ. माझी वही दिसली तिला. "सातवा महिना काय? जुलै म्हण की सरळ!" म्हटलं, आम्ही क्वेकर पंथाचे लोक महिन्यांना मूर्तिपूजकांच्या देवांची नि राजांची नावं देत नाही. "आणि सगळ्यांना तू-तू काय करतेस? परवा मॅजिस्ट्रेटलाही तूच म्हणालीस!" म्हटलं, देवालाही तूच म्हणते.

एक्स्प्रेसची भानगड तिनेच नीट सांगितली. डोंगरात सोनं काढणाऱ्यांच्या वस्त्यांवर सरकारी टपाल जात नाही. मग एखादा खेचरवाला वस्तीवर फिरून नावं घेतो, बोट लागली की इथे येऊन त्या नावांची पत्रं मागतो आणि वर पोचवतो. ज्याचं पत्र त्याने पैसे देऊन सोडवायचं. कुणी सोडवलं नाही तर परत.

"नवरा पत्रं सोडवून घेतो, आणि स्वतः एक ओळ खरडत नाही?" मिसेस ड्रिस्कॉल म्हणाली. "पोरी, असला नवरा असण्यापेक्षा..." मग छातीवर क्रूसाची खूण करून थांबली.

फार राग आला तिचा. माझ्याही मनात तेच आलं होतं म्हणून जास्त आला.

७ वा महिना, १६

एक्स्प्रेसवाला सापडला. अमासा टटल — वाळलेल्या कॉड मासळीसारखा दिसतो, पण हसतमुख आहे. "शुबेल स्वेन? 'लंगडं खेचर' वस्ती, युबा नदीवर. बाईसाहेब, माझं सर्वांत पक्कं गिऱ्हाईक! लोक पत्र हातात घेतात, उलटंपालटं करतात आणि परवडत नाही म्हणून परत देतात. हा कधी नाही."

"कसा आहे तो? बरा आहे?"

"मी नाव पुकारतो, 'हजर' आलं की पत्र देतो. तोंडं कोण बघतो त्या गर्दीत! बहुतेक त्याचा भाऊच घेतो."

ओबेद आहे म्हणजे सोबत. धाकटा दीर माझा. चला, दोघं एकत्र आहेत.

वर न्यायला अमासा तयार झाला. "तुम्ही पत्र असता तर दर ठरलेला होता. बायकोचा दर अजून काढलेला नाही मी." मी म्हटलं, तू काढ, मी देते. तो मोठ्याने हसला — "आई गेल्यापासून मला तू म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या!"

७ वा महिना, २०. मेरीसव्हिल

नदीतून बोट, मग गाडी, आता खेचर. ऊन असं की आमच्या नॅन्टकेट बेटावर या उन्हात मासळी एका दिवसात वाळेल. धुळीने डोळे चुरचुरतात. पेटीत मोजे, दोन सदरे आणि आमच्या लेकीने, लिडियाने, शिवलेला रुमाल — कडेला बारीक देवमासा काढलाय तिने, कसला आहे ते तिलाच माहीत. सात वर्षांची होईल. आजीजवळ ठेवून आले तेव्हा ती रडली नाही. सासूबाईच रडल्या.

भेटल्यावर खरडपट्टी नको असं आता वाटतंय. आधी नुसतं बघेन त्याच्याकडे.

७ वा महिना, २३. लंगडं खेचर

पोचले.

अमासाने वळणावरच पत्र्याचा भोंगा वाजवला आणि नदीतून माणसं धावत सुटली. कमरेपर्यंत भिजलेली, हातात फावडी तशीच. अमासा एका दगडावर उभा राहिला आणि नावं पुकारायला लागला. एकेक नाव, एकेक "हजर!" ज्याचं पत्र नाही तो शेवटपर्यंत उभा राहतो, मग गुपचूप पाण्याकडे वळतो. बघवत नाही ते.

"शुबेल स्वेन!"

"हजर!"

आवाज ओबेदचा होता. गर्दीतून हात पुढे करत आला आणि मी दिसले. हात तसाच राहिला त्याचा. पत्र अमासानेच त्याच्या बोटांत सरकवलं.

"केझाया," ओबेद म्हणाला. मग म्हणाला, "शुबेल वर गेलाय. वरच्या खोऱ्यात, नवी जागा बघायला. येईल."

हे सगळं तो माझ्या बुटांकडे बघून बोलला.

७ वा महिना, २४

सगळी वस्ती काही ना काही निमित्त काढून बाईमाणूस बघायला येऊन गेली. ओबेद तेवढा फिरकला नाही.

७ वा महिना, २५

शुबेल गेला.

झोपडीत त्याचा सदरा शिवायला म्हणून शोधत होते. फळीवर माझी पत्रं होती, चामड्याच्या वादीने बांधलेली. वरची फोडलेली, घड्यांवर झिजलेली, त्याच्या बोटांचे तेलकट डाग. खालची न फोडलेली. लाखेचे शिक्के जसेच्या तसे. गेल्या हिवाळ्यानंतरचं एकही फोडलेलं नाही.

शुबेल माझं पत्र उभ्याउभ्या फोडायचा. देवमासे मारणाऱ्या जहाजावर असताना वर्षाने एखादं मिळायचं, तर म्हणे शिडीवर चढल्याचढल्या दाताने फोडायचा. तो माझं पत्र न फोडता ठेवणार?

नदीवर गेले. ओबेद आणि त्यांचा तिसरा भागीदार, हॅनिबल पेन्रोज म्हणून इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा म्हातारा आहे, दोघं बांधावर दगड रचत होते. मी एवढंच विचारलं — "कधी?"

पेन्रोजने टोपी काढली. ओबेद आहे तिथेच खाली बसला, पाय पाण्यात.

७ वा महिना, २६

अकराव्या महिन्यात गेला. बर्फ पडलं होतं, वस्तीतली बाकी सगळी खाली शहरात उतरली होती. हे तिघंच मागे राहिले, बांधाची लाकडं तासायला. हिरड्यांतून रक्त, पाय सुजून काळे. स्कर्व्ही — ताजा भाजीपाला मिळाला नाही की होतो तो. आयुष्यभर समुद्रावर ज्या रोगाला त्याने हुलकावणी दिली तो इथे डोंगरात येऊन गाठून गेला. शेवटी बटाटा मागत होता म्हणे. एक कच्चा बटाटा.

वरच्या पाइन झाडांत पुरलंय. खूण नाही काही. आम्ही क्वेकर थडग्यावर दगड ठेवतच नाही, मग खूण नाही याचा मला इतका राग का यावा?

आणि लपवलं का, तर तिघांच्या तीन जागा नदीत लागून आहेत, शुबेलची मधली. तळातलं सोनं काढायला बांध घालून नदी वळवायची तर तिन्ही हव्यात. वस्तीचा कायदा असा की माणूस मेला की त्याची जागा मोकळी — जो आधी फावडं रोवेल त्याची. माणूस आजारी असला, वर गेला असला, तर भागीदारांनी राबून जागा धरून ठेवायची मुभा आहे. मग तो जिवंत आहे कशावरून? तर पत्रांवरून! कर्नल हिगबी इथला पुढारी (कुठल्या पलटणीचा कर्नल, देव जाणे), तो पत्रांच्या दिवशी बाजूला उभा राहून ऐकतो. ज्याच्या नावाला 'हजर' येतं आणि ज्याची पत्रं सोडवली जातात, तो जिवंत. मेलेल्याच्या पत्रावर कोण पैसे घालवेल?

मी स्वतः हेच म्हटलं होतं. टपालकचेरीच्या दारात, आनंदाने!

म्हणजे मी तिकडे दर बोटीला पत्र लिहीत होते आणि माझं प्रत्येक पत्र त्याला इथे जिवंत ठेवत होतं. मी लिहायची थांबले असते तर निदान ही थाप तरी थांबली असती.

ओबेदला नको नको ते बोलले. "लिडियाचे दात पडले ते मी त्याला लिहिलं. छप्पर गळतं ते लिहिलं. भांडले त्याच्याशी! मेलेल्या माणसाशी भांडायला लावलंस तू मला! बाईचा नवरा जातो, तर कुठल्या दिवशी गेला एवढंही तिला कळू द्यायचं नाही? त्या दिवशी मी काय करत होते ते मला आठवायचंय, ओबेद. हसत असेन. तेही तू घेतलंस माझ्याकडून."

ओबेद एवढंच म्हणाला, "लिहायला बसायचो. प्रत्येक वेळी बसायचो."

"मग?"

"पाऊस गेला की लिहू म्हटलं. मग बांध झाला की."

मी म्हटलं, तुझ्याइतका भेकड माणूस मी पाहिला नाही. अजून तेच म्हणणं आहे माझं.

७ वा महिना, २८

दोघं आले बोलायला. पेन्रोजच बोलला.

"पोरी, आम्ही चुकलो. तुझ्यापुढे तोंड वर करायची लायकी नाही आमची. पण आता बांध उभा राहतोय. पाऊस लागला की नदी चढणार आणि सगळं वाहून नेणार. त्याच्या आत तळ कोरडा व्हायला हवा. आज तू वस्तीत सांगितलंस तर संध्याकाळच्या आत मधल्या जागेत दुसऱ्याचं फावडं असेल. तुझा नवरा त्या बांधासाठी..." मग त्याला खोकला आला.

"पाऊस लागेपर्यंत," ओबेद म्हणाला. "तेवढंच. त्याचा वाटा तुझा आणि लिडियाचा."

मी म्हटलं, मी खोटं बोलणार नाही. जन्मात बोलले नाही. कुणी विचारलं तर खरं ते सांगेन. नाही विचारलं तर गप्प बसेन.

ओबेद म्हणाला, तेवढं पुरे.

आमच्या प्रार्थनासभेत आम्ही मौन धरून बसतो ते देवाचं ऐकू यावं म्हणून. हे मौन वेगळं आहे, मला कळतंय.

८ वा महिना, ४

वर जाऊन आले. पाइनच्या काड्यांनी जमीन झाकलीय, कुठे ते ओबेदने बोट दाखवलं म्हणून कळलं. बसले थोडा वेळ. काही सुचलं नाही. मोजे नेले होते, ते परत घेऊन आले. एवढं चांगलं लोकरीचं काम मातीत कसं ठेवायचं?

८ वा महिना, ९

तिघांचा स्वयंपाक करते — घेवड्याचे वाळलेले दाणे, खारवलेलं डुकराचं मांस, आणि पेन्रोजला हवं म्हणून कधी कणकेत मांस भरून भाजलेल्या करंज्या. करंज्या करायला तोच शिकवतो आणि तोच नावं ठेवतो. "जेनिफरच्या हातची असती तर तुझी ही मी कुत्र्याला घातली असती, पोरी!" म्हणतो आणि तीन खातो.

जेनिफर त्याची बायको. दोघांना अक्षर येत नाही. ती तिकडे पाद्र्याकडून लिहवून घेते, हा इथे ओबेदकडून वाचून घ्यायचा. आता मी वाचते. डुकरीला सात पिल्लं झाली, एक मेलं. कोळशाच्या भावावरून शेजारणीशी बोलणं बंद आहे. आणि शेवटी दर वेळी तेच — पाय कसे आहेत? पाण्यात उभा राहू नकोस.

"लिही, पाय बरे आहेत म्हणून," पेन्रोज सांगतो. लंगडत.

"मी खोटं लिहिणार नाही."

"मग लिही, दोन्ही आहेत."

तेवढं लिहिलं. आल्यापासून पहिल्यांदा हसले. जेनिफरला मी कधी पाहणार नाही, पण तिला चांगली ओळखायला लागलेय. शेजारणीशी भांडण मिटलं की नाही याची मलाच काळजी.

८ वा महिना, १५

भोंगा. नावं.

"शुबेल स्वेन!" आणि ओबेदचं "हजर!" मी अगदी त्याच्या शेजारी उभी होते. कर्नल हिगबीने मला बघून टोपीला हात लावला.

सासूबाईंचं अक्षर. तळाशी लिडियाने स्वतः लिहिलंय, वाकडंतिकडं — बाबा, आई पोचली का?

ओबेद ते घेऊन झोपडीमागे गेला. मी गेले नाही त्याच्याजवळ. आपल्या आईचं पत्र आहे, रडू दे.

सासूबाईंना उत्तर लिहिलं. सुखरूप पोचले, ओबेद बरा आहे, ऊन फार आहे. एकही शब्द खोटा नाही. शुबेलचं नाव नाही त्यात. पाऊस लागला की सगळं लिहीन.

८ वा महिना, २२

कर्नल कॉफी प्यायला आला. "स्वेनबाई, तुमचे यजमान..." त्याने सुरुवात केली. मी किटली खाली ठेवली. म्हटलं, आता विचारेल, आणि आता सांगेन.

"...फारच कामसू माणूस हो! पण बायको आलीय कळल्यावर कसला राहतोय वर! धावत येईल बघा!" आणि स्वतःच खोखो हसला.

हा प्रश्न नव्हता. मी त्याला आणखी कॉफी दिली.

सुटल्यासारखं वाटलं मला. हे लिहून ठेवते, कारण लाज वाटली हेही लिहायचंय. लाज नंतर वाटली, आधी सुटका वाटली.

९ वा महिना, २

नदी वळली! सकाळी शेवटची फळी ठोकली आणि पाणी क्षणभर थांबल्यासारखं झालं, मग मुकाट नव्या चरातून निघालं. तळ उघडा पडला. हिरवट दगड, डबक्यांत तडफडणारे मासे, एक गंजलेला टांगता कंदील — तो कुठून आला असेल! वस्ती काठावर जमून ओरडत होती.

पहिलं घमेलं मधल्या जागेतलं धुतलं. तळाशी पिवळी रेघ उमटली. पेन्रोज त्या ओल्या वाळूत गुडघ्यांवर बसला आणि स्तोत्र म्हणायला लागला, इतकं बेसूर की माणसं टोप्या काढून हसली. ओबेदने चिमूटभर माझ्या हातावर ठेवलं. "हे शुबेलचं," म्हणाला.

मला वाटलं होतं, त्याच्याकडे बघूनच शिसारी येईल. तसं झालं नाही. लिडियाची शाळा दिसली, घराचं छप्पर दिसलं, सासूबाईंच्या खोलीत दिवसभर पेटलेली शेगडी दिसली. मूठ घट्ट मिटली मी. मला ते हवं झालं, आणि जे आलं त्याहून जास्त हवं झालं.

९ वा महिना, ९

पेन्रोजला ताप. पाण्यात उभा राहून राहून छाती भरलीय. ओठ निळे. ओबेद त्याला खेचरावर बांधून मेरीसव्हिलच्या डॉक्टरकडे घेऊन निघाला. वस्तीने निरोप दिला, कर्नलने स्वतःची घोंगडी दिली. आजारी माणसाची जागा कुणी घेत नाही, त्याची काळजी नको, असंही सांगितलं.

खेचरावरून म्हातारा मला म्हणाला, "जेनिफरचं पत्र आलं तर सोडवून ठेव पोरी. फोडू नको हं! मी आलो की वाच."

म्हटलं, ठेवते.

तो बरा व्हावा म्हणून आज फार वेळ मौनात बसले. खरं मौन.

९ वा महिना, १७

ओबेद एकटाच आला. मी काठावर कपडे धूत होते. त्याने लांबूनच मान हलवली.

मी उठून गेले आणि विचारलं — "कुणाला सांगितलंस?"

हे पहिलं विचारलं मी! कसा गेला, त्रास झाला का, काही म्हणाला का — हे नंतर. आधी, कुणाला सांगितलंस.

"कुणाला नाही."

मेरीसव्हिलमध्येच पुरलाय. शेवटी शुद्ध नव्हती. आपल्या गावाकडच्या बोलीत बडबडत होता, ओबेदला काही कळलं नाही.

बांधाचा पाया पेन्रोजच्या जागेत आहे. ती गेली तर ज्याची होईल तो पाणी सोडेल किंवा आमच्याकडून अर्धं मागेल. मधल्या जागेचा निम्मा तळ अजून उकरायचाय. आकाश निरभ्र आहे, पण सकाळी वारा बदलल्यासारखा वाटतो.

कर्नल वाटेत भेटला होता ओबेदला. "म्हातारा कसा आहे?" विचारलं. ओबेद म्हणाला, "डॉक्टरकडे ठेवलाय." कर्नल म्हणाला, छान.

ओबेद माझ्याकडे बघत होता. काही सुचवलं नाही त्याने, हे मला इथे स्पष्ट लिहायला हवं. वाट बघत होता फक्त.

"पाऊस लागेपर्यंत," मी म्हणाले.

९ वा महिना, १९

पेन्रोजचा वाटा जेनिफरला जाईल. सगळा. मी स्वतः अमासाच्या हातात देईन आणि स्वतः लिहीन तिला, पाद्र्याकडून नीट वाचून घेईल ती. आज सांगून तिचा काय फायदा? आज सांगितलं तर तिला काहीच मिळणार नाही. थोडे दिवस थांबलं तर म्हातारपणाची सोय होईल.

हे सगळं खरं आहे. दोनदा वाचून पाहिलं. ओबेदला मी काय काय बोलले होते तेही आठवतंय, शब्दन् शब्द.

९ वा महिना, २१

ओबेद आता माझ्या नजरेला नजर देतो. आल्यापासून पहिल्यांदाच. मीच खाली बघते.

९ वा महिना, २४

अमासा आला. ओबेद खाली पात्रात होता, भोंगा त्याला ऐकू गेला नाही. कर्नल नेहमीच्या जागी.

"हॅनिबल पेन्रोज!"

कुणी बोलेना. अमासाने पत्र उलटंपालटं केलं आणि पुन्हा नाव घेतलं.

"हजर," मी म्हणाले. आवाज अजिबात अडखळला नाही.